राहून गेलेली उत्तरं

या पानावर मला एरवी येणारे प्रश्न साधे असतात. अमक्या गाण्यातला वाडा कुठला, तमक्या नटीचं माहेरचं आडनाव काय. चौतीस वर्षं साताऱ्यात बँकेत बसून लेजर जुळवलेल्या माणसाला असले प्रश्न बरे वाटतात. उत्तर एकच असतं आणि शोधलं की सापडतं. गेल्या दोन महिन्यांत मात्र पत्रांचा नूर बदलला. निम्मी पत्रं एकाच सिनेमाबद्दल आहेत: रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’, जो १९ सप्टेंबर २०२५ ला आपल्याकडे थिएटरात लागला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी चार ओळी. आनंद तिशीतला, मुंबईत कॉल सेंटरमध्ये नोकरीला. वडील वारतात, म्हणून दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी तो आईबरोबर गावी जातो. घरात सुतक, आणि सुतकातच नातेवाइकांची कुजबुज: आता याचं उरकून टाका. गावात त्याचा लहानपणचा मित्र बाळ्या आहे, शेती करणारा, त्याच्याही मागे हाच ससेमिरा. त्या दोघांचं एकमेकांवर मन आहे. शेवट सांगणार नाही, पाहून घ्या.

चार पत्रं निवडली आहेत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

समलिंगी नात्यावरचा हा पहिलाच मराठी सिनेमा, असं आमच्या ग्रुपवर सगळे म्हणतात. खरं का? आणि खरं असेल तर इतकी वर्षं तुमची पिढी काय करत होती?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

दुसरा प्रश्न उद्धट आहे, म्हणून तुझं पत्र आधी घेतलं.

पहिल्याचं उत्तर, नाही. दुसरा एक पहिलेपणा मात्र खरा: जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात पोचलेला हा पहिला मराठी कथापट, आणि तिथल्या जागतिक कथापट स्पर्धेतलं ज्यूरींचं सर्वोच्च पारितोषिक घेऊनच तो परतला. पण विषय मराठीला नवा नाही. १९८१ मध्ये तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आलं, मित्रा झाल्या होत्या रोहिणी हट्टंगडी. एक मुलगी दुसऱ्या मुलीवर जीव टाकते हे मराठी स्टेजवर उजेडात, तिकीट लावून दाखवलं गेलं. पुढच्याच वर्षी जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’. त्यात महिलाश्रमातल्या दोन बायकांचं प्रकरण उघडकीला येतं आणि अधीक्षक सुलभा, म्हणजे स्मिता पाटील, त्यांच्या बाजूने उभी राहू पाहते. पण तीसुद्धा मानसोपचाराचीच भाषा बोलते. त्यानंतर मोठी सुट्टी. २०१४ चा रवी जाधवांचा ‘मित्रा’ हा लघुपट पुन्हा तेंडुलकरांच्याच गोष्टीवरचा, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि खुद्द कानवड्यांनी २०१९ मध्ये ‘उ उषाचा’ नावाचा छोटा सिनेमा केला. लिहितावाचता न येणारी एक शेतमजूर बाई, प्राथमिक शाळेतली शिक्षिका, आणि अक्षरांची ओढ नेमकी कशाची ओढ आहे हे हळूहळू कळत जाणं. मिळाला तर बघ. मला तो मोठ्या सिनेमाइतकाच आवडतो, कणभर जास्तच.

हिंदीतली एक गंमतही ऐक. प्रेम कपूर यांचा ‘बदनाम बस्ती’ १९७१ चा. कमलेश्वरांच्या कादंबरीवरचा, एका ट्रक ड्रायव्हरची आणि दोन पुरुषांमधल्या ओढीची गोष्ट. आला आणि गेला, प्रतही हरवली असं सगळे धरून चालले होते. २०१९ मध्ये त्याची प्रत सापडली, ती बर्लिनच्या आर्सेनल संस्थेच्या संग्रहात. आपल्या घरातला दागिना शेजारणीच्या फडताळात निघावा तसं झालं. निदान तिने मोडला नव्हता.

आता फरक सांगतो. या जुन्या गोष्टींतली माणसं आमच्यासमोर आली ती बहुतेकदा आजारी म्हणून, नाहीतर मरायला. मित्राच्या वाट्याला शेवटी मरणच आहे. ‘साबर बोंडं’मध्येही मरण आहे, पण ते बापाचं, म्हाताऱ्या माणसाला यावं तसं आलेलं. प्रेम केलं म्हणून कुणाला डॉक्टरकडे नेत नाहीत. आमच्या पिढीच्या प्रेक्षकाला हे लक्षात यायलाही वेळ लागतो. मी पहिला तासभर कुणाचा तरी घात होणार म्हणून खुर्चीच्या कडेला बसून होतो.

तर आमची पिढी काय करत होती? बाकीच्यांचं मी काय सांगू, माझं सांगतो. मी गावातली फिल्म सोसायटी चालवत होतो. महिन्यातून एका रविवारी सकाळच्या खेळाला थिएटर भाड्याने घ्यायचो. रिळांच्या पेट्या आदल्या रात्री एसटीने यायच्या. ‘उंबरठा’ दाखवला तेव्हा मी तिशीच्या आत होतो आणि सिनेमानंतरच्या चर्चेचा सूत्रधार म्हणून हातात माइक असला की मला फार शहाणपण सुचायचं. मागच्या रांगेतून सरकारी दवाखान्यातल्या एक नर्सबाई उठल्या. त्या दर वेळी यायच्या, आजवर बोलल्या नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं, “त्या दोघींचं पुढं काय झालं असेल?” मी हसलो. म्हणालो, बाई, तो मुख्य विषय नाही, तो प्रसंग नसता तरी सिनेमा उभा राहिला असता. पुढचा प्रश्न घेऊ. लोकही हसले. बाई बसल्या. नंतरही येत राहिल्या, पण बोलल्या नाहीत.

दुसरी गोष्ट १९९९ ची. दीपा मेहतांचा ‘फायर’ नोव्हेंबर १९९८ मध्ये आपल्याकडे लागला होता. शबाना आझमी आणि नंदिता दास, एकाच घरातल्या दोन जावा. सेन्सॉरने एकही काट न मारता पास केलेला. हिंदी आवृत्तीत तेवढं धाकट्या जावेचं सीता हे नाव बदलून नीता केलं होतं, एवढी खबरदारी. तरी २ डिसेंबरला मुंबईत थिएटरं फोडली, दुसऱ्या दिवशी दिल्लीत. सिनेमा पुन्हा सेन्सॉरकडे गेला आणि पुन्हा काट न खाता बाहेर आला. तेव्हा आम्ही ठरवलं की आपण दाखवायचा. म्हणजे मी ठरवलं, आणि एका पोराने. तो विशीतला, एका छापखान्यात कामाला, आमच्या सोसायटीचा सगळ्यात धाकटा सभासद. पार्सलच्या खिडकीवरून पेट्या सायकलच्या कॅरिअरला बांधून थिएटरपर्यंत आणायचं काम त्याचं. ‘फायर’ची पत्रकं त्याने स्वतःच्या पैशाने छापून आणली होती, पिवळ्या कागदावर. कागदाचा वास अजून येतोय मला.

चार दिवस आधी आमच्याच समितीतल्या एकांचा फोन आला. धमकी वगैरे नव्हे. ते इतकंच म्हणाले, “कशाला? पुढच्या वर्षी थिएटर मिळायला नको का?” मी पाच मिनिटांत सिनेमा रद्द केला. रविवारी एक जुना विनोदी सिनेमा लावला. तो पोरगा त्या दिवशी पेट्या घेऊन आला, उतरवल्या, आणि मला म्हणाला, “सर, तुम्हाला तो वाईट वाटतो का?” मी म्हणालो, तसं नाही रे, वेळ बरी नाही. तो पुढच्या महिन्यात आला नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात मनीऑर्डर आली, तीस रुपयांची. त्याची वर्गणी थकली होती ती. मनीऑर्डरच्या कुपनावर मजकुरासाठी जागा असायची, लोक तिथे दोन ओळी कोंबून लिहायचे, तुम्हा मुलांना ते माहीत नसेल. त्याने ती कोरी ठेवली होती.

त्याला तो सिनेमा का हवा होता, हे मला ठाऊक नाही. कदाचित नुसता चांगला सिनेमा म्हणून हवा असेल. मी विचारलं नाही, आणि आता शोधत जाऊन विचारण्याचा मला अधिकारही उरलेला नाही. ते कुपन पाकिटात आहे.

हे झालं तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

आमच्या ग्रामीण संस्कृतीत असले प्रकार नव्हते आणि नाहीत. हे पाश्चात्त्य खूळ आहे आणि परदेशी बक्षिसांसाठी सिनेमावाले ते आपल्या माथी मारतात. त्यातही सुतकाच्या, दहाव्याच्या दिवसांत असला चाळा दाखवणं ही आपल्या संस्कारांची विटंबना नव्हे काय? आपण ज्येष्ठ आहात, आपण तरी स्पष्ट लिहावं.
— एक निवृत्त शिक्षक, बार्शी

गुरुजी, स्पष्ट लिहितो.

ही गोष्ट परदेशात सुचलेली नाही. २०१६ साली कानवड्यांचे वडील वारले, कानवडे दुखवट्यासाठी गावी गेले, आणि त्या दहा दिवसांत घरचे लग्नाचा लकडा लावून बसले. तिथे हा सिनेमा सुचला, असं त्यांनीच अनेकदा सांगितलं आहे. माणूस आपल्या बापाचं सुतक पाळताना जे मनात आलं ते सांगतो आहे. याहून अस्सल गावरान काय असायचं? पाश्चात्त्य म्हणाल तर या विषयातली एक गोष्ट नक्की बाहेरून आली: समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं दंड संहितेतलं कलम ३७७, इंग्रजांनी १८६० मध्ये लिहिलेलं.

परदेशी बक्षिसांचा मुद्दा मात्र मी झटकून टाकत नाही. सिनेमा भारत, ब्रिटन आणि कॅनडा अशा तिघांनी मिळून काढला आहे आणि आधी तिकडे दिसला. परदेशातल्या प्रेक्षकासाठी आपलं खेडं धूप-उदबत्ती लावून मांडणारे सिनेमे मीही पाहिले आहेत, आणि मला त्यांचा कंटाळा येतो. हा तसला नाही, असं मला वाटतं. कॅमेरा जागचा हलत नाही, लांबून बघत राहतो. ओटीवर बसलेल्या पाहुण्यांचं बोलणं तुम्ही ऐकलंत का? दहाव्याचा खर्च, कुणाला कळवायचं राहिलं, आणि त्याच दमात ‘पोराचं बघा आता’. मला तर माझ्या मामाचं घर दिसत होतं. तिकडच्या प्रेक्षकाला हे खालच्या इंग्रजी ओळींत कितीसं पोचलं असेल? ‘बोंडं’ या शब्दातली खडबड तरी कुठून पोचणार? साबर म्हणजे आपला फड्या निवडुंग. तुम्ही बार्शीचे, तुम्हाला ते फळ सांगायला नको. बाहेरून लाल, अंगावर डोळ्याला न दिसणारी कुसं. ती बोटात घुसली की दोन दिवस निघत नाहीत. आम्ही पोरं काठीने बोंड पाडायचो, धुळीत चपलेखाली घोळवायचो, कुणी चुलीत भाजून कुसं जाळायचं. मग फोडून खायचं आणि घरी जिभेवरून पकडलं जायचं, कारण जीभ जांभळी व्हायची. बाळ्या आनंदसाठी ही बोंडं आणतो. दुसऱ्याच्या हातात बोंड द्यायचं तर कुसं आधी स्वतःच्या बोटांनी काढावी लागतात. त्या सगळ्या सिनेमात मला ‘चाळा’ म्हणण्याजोगं काही दिसलं असेल तर ते एवढंच.

दहाव्याच्या विटंबनेबद्दल. सुतकात काय घालायचं, काय खायचं, कुठे निजायचं हे सगळं त्या सिनेमात काटेकोर पाळलं जातं आणि कॅमेरा त्याची टिंगल करत नाही. दुःखाच्या दहा दिवसांत माणसाने मनातलं दुसरं सगळं बाजूला ठेवावं, हे तुमचं म्हणणं मला समजतं. पण गुरुजी, ते बाजूला ठेवलं कुणी नाही? तिसऱ्या दिवशी स्थळं सुचवणाऱ्यांनी ठेवलं नाही. त्यांना आपण विटंबना म्हणत नाही.

सिनेमातल्या त्या दोघांना आज कायद्याने लग्न करता येईल का? एका ओळीत सांगा.
— एक वाचक, ठाणे

एका ओळीत, नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरतं ३७७ मोडीत काढलं, म्हणजे गुन्हा उरला नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि विषय संसदेकडे, विधिमंडळांकडे सोपवला.

एका ओळीत संपणार होतं, पण बँकेतला माणूस आहे, एक भर घालतो. जोडखातं उघडायला किंवा खात्याला जोडीदाराचं नाव नॉमिनी म्हणून लावायला अशा जोडप्यांना आडकाठी नाही, असं अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं. खरं तर नॉमिनेशनचा फॉर्म कुणाचंही नाव घेतो, पूर्वीपासून. त्यात ‘ठेवीदाराशी नातं’ असा एक रकाना असतो. माझ्या खिडकीवर पन्नाशीच्या एका गृहस्थांनी त्यात ‘मित्र’ लिहिलं होतं, मुदत ठेवीच्या फॉर्मवर. मी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, “घरचं कुणी नाही का?” त्यांनी फॉर्म मागून घेतला, ‘मित्र’ खोडलं, पुतण्याचं नाव घातलं आणि खोडलं त्याच्याशेजारी नियमाप्रमाणे सही केली. मी शिक्का मारला.

फॉर्मला काही चालत नव्हतं असं नाही. मला चालत नव्हतं.

मी संगमनेरकडची, शेतकरी बाई. मालक जाऊन भाद्रपदात तीन वर्षं झाली. मुलगा एकतीस वर्षांचा, पुण्याला कंपनीत आहे. दहाव्याला कावळा शिवेना. सगळे खोळंबले. शेवटी धाकट्या दिरांनी हात जोडले आणि म्हणाले, दादा, काळजी करू नका, पोराचं लग्न आम्ही लावून देऊ. तेवढ्यात कावळा आला आणि घास घेऊन गेला. तेव्हापासून भावकी म्हणते, बापाचा जीव पोराच्या लग्नात अडकला होता. वर्षाच्या आत झालं नाही, मग म्हणाले तीन वर्षं थांबा. आता तीन वर्षंही झाली. दिवाळीत दोन स्थळं घेऊन दीर आले होते. मुलगा उठून गोठ्यात गेला तो जेवायच्या वेळेलाच आला.

सप्टेंबरात मी डोळे दाखवायला पुण्याला गेले होते तेव्हा मुलगा म्हणाला, आई, चल तुला पिक्चर दाखवतो, आपल्याकडचाच आहे. तो हा ‘साबर बोंडं’. मला वाटलं देवाचा नाहीतर तमाशाचा असेल. पूर्ण वेळ तो माझ्याकडे बघत नव्हता, लाह्यांचा पुडा धरून बसला होता, एक लाही खाल्ली नाही. बाहेर आल्यावर विचारलं, कसा वाटला? मला काय बोलावं सुचेना. मी म्हणाले, गाणंच नाही एक. तो बरं म्हणाला आणि रिक्षा बघायला गेला. काका, त्याला मला काही सांगायचं होतं का? मी आता काय करू?

ताई, तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं.

आधी गाण्याचं. गाणं नाही हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. त्या सिनेमात पार्श्वसंगीतही नाही. पाखरं, वारा, भांडी, माणसांचं हळू बोलणं, एवढंच ऐकू येतं. संगीत असतं तर कुठे रडायचं आणि कुठे हसायचं ते आपल्याला सांगून गेलं असतं. ते नाही, म्हणून तुम्हाला काय बोलावं सुचलं नाही. त्यात तुमचं काही चुकलेलं नाही.

तुमचा मुलगा कसा आहे हे मी सांगू शकत नाही. सिनेमा दाखवला म्हणून तो आनंदसारखाच, असं कुणी धरून चालू नये. मीही तो सिनेमा पाहिला आणि माझ्या मुलीला दाखवला. पण इतकं मात्र दिसतं. त्या दिवशी त्याच इमारतीत आणखी सात-आठ सिनेमे लागले असतील, त्यात देवाचाही एखादा असेल. त्याने हा निवडला. वडिलांच्या दुखवट्याचा, गावाकडचा, लग्नाचा लकडा लागलेल्या पोराचा आणि त्याच्या आईचा. आणि मग लाह्या न खाता बसून राहिला. म्हणजे तुमच्या शेजारच्या खुर्चीवर तो सिनेमा बघत नव्हता, तुम्ही सिनेमा बघताय ते ऐकत होता.

त्यातली ती आई आठवते का? जयश्री जगताप यांनी केली आहे, सुमन. तिला आपला मुलगा कसा आहे हे ठाऊक आहे. त्याबद्दल ती भाषण करत नाही, पाहुण्यांशी भांडतही नाही. नातेवाईक मागे लागले की मध्ये उभी राहते, एवढंच. मला त्या सिनेमातलं सगळ्यात अवघड काम तेच वाटलं. आणि तुम्हीही दिवाळीत ते थोडं केलंच असणार, नाहीतर मुलाला जेवायच्या वेळेपर्यंत गोठ्यात राहू कुणी दिलं?

आता कावळा. तुमच्या दिरांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. घाटावर तासभर ताटकळलं की माणूस तोंडाला येईल ते कबूल करतो. माझ्या वडिलांच्या दहाव्याला कावळा दीड तास फिरकला नाही. मावशी म्हणाली, नातीचं शिक्षण थांबवणार नाही. नाही आला. थोरला भाऊ म्हणाला, बहिणीला अंतर देणार नाही. नाही आला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला, आणि आम्ही घरी आलो. पुढे त्याच भावाने बहिणीच्या हिश्श्यावरून तीन वर्षं बोलणं टाकलं. तेव्हा घाटावरच्या शब्दांना मी किती किंमत देतो ते तुमच्या लक्षात येईल. तुमच्याकडे शब्द दिला तो दिरांनी. तो तुमच्या मालकांनी मागितला नव्हता, तुम्ही दिला नव्हता, आणि ज्याच्या नावाने दिला त्याला तर कुणी विचारलंही नव्हतं. मालकांचा जीव कशात अडकला होता हे तुमच्याइतकं भावकीला माहीत आहे का? तुम्ही त्यांच्याबरोबर राहिलात.

एक व्यवहाराचं सांगतो. दोन्ही स्थळांना थोडे दिवस थांबा असं नको, सरळ नाही कळवा. कुणाच्या तरी मुलीचा जन्म यात गुंतलेला आहे. पोराच्या मनाविरुद्ध लावलेलं लग्न तिलाही तितकंच फाडतं, आणि तिची बाजू तुमच्या पत्रात कुणीच मांडलेली नाही. कारण विचारलं तर मुलाची इच्छा नाही, एवढं पुरतं. त्याच्या वतीने याहून जास्त काही सांगू नका. ना दिरांना, ना बहिणीला. ते सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल, कुणाला सांगायचं तेही तोच ठरवेल.

तुम्हाला स्वतःला कुणाशी बोलावंसं वाटलं तर मुंबईत ‘स्वीकार’ नावाचा अशा मुलामुलींच्या आईवडिलांचाच गट आहे. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला, आणि त्यांनी या विषयावर मराठीत, साध्या भाषेत बरंच लिहिलं आहे. तुमच्या मुलाचं काहीही असो, वाचून तुमचं नुकसान होणार नाही.

आणि मुलाशी काय बोलू म्हणता, तर त्याने तुम्हाला सप्टेंबरात एक प्रश्न विचारला आहे, कसा वाटला. त्याचं उत्तर राहिलंय. नवीन काही विचारू नका, खोदू नका, ‘तुला काही सांगायचंय का’ हे तर मुळीच नको. एखाद्या संध्याकाळी फोन करा, पाणी-पाऊस झालं की सांगा, तो पिक्चर मला अजून आठवतो बरं का. त्यातली आई मला पटली, असं वाटलं असेल तर तसं सांगा. नसेल पटली तर बोंडांचं सांगा, ती तरी पटलीच असतील. तो गप्प राहील कदाचित. राहू दे. जेवलास का विचारा, आणि फोन त्याला ठेवू दे.